लाल ओळीत माणसाचे नाव नसते

हे पांडुरंगा, तुझे नाव कोणीही घ्यावे आणि तू ओ द्यावीस, ही तुझी रीत. हाक मारणाऱ्याचे गाव कोणते, कूळ कोणते, त्याला कोणी पाठवले, यातले काहीही तू विचारत नाहीस. जगाच्या दारात मात्र असे चालत नाही. तिथे नाव सांगणाऱ्याकडे ओळख मागतात, आणि मागावीच. कारण तुझे नाव कोणी चोरले तरी तुझे काही उणे होत नाही, पण माणसाचे नाव चोरले तर त्याचे घर बुडते. ओळख मागण्याला माझी हरकत नाही, देवा. ओळख पटली नाही एवढ्यावरून समोरच्याला चोर ठरवावे, याला माझी हरकत आहे. आणि आई कानबाई, श्रावणात खान्देशच्या घराघरांत पाटावर बसणारी तू, मी टाळकरी, तुझ्या लेकीसुनांपैकी एकीची गोष्ट सांगायला बसलो आहे. माझ्या जिभेवर राग आहे. तो खोटा होऊ देऊ नकोस, एवढेच मागतो.

तिचे नाव दिपमाला नवल पाटील. माहेर अमळनेरचे, सासर भडगावचे. अमळनेरच्या कॉलेजात ती विज्ञान शिकली. लग्नानंतर गिरणेच्या काठी नवलच्या लिंबाच्या बागेत पाणी धरले, आणि सासूबाई ताईबाई यांच्या हाताखाली भाकरी थापताना तिची बोटे पोळायची थांबली तेव्हा तिने पाचोऱ्याला शेतकऱ्यांच्या एका कंपनीत नोकरी धरली. रोज सकाळी भडगावच्या स्टँडवर एसटीची वाट पाहणारी, डब्याच्या पिशवीला दोनदा गाठ मारणारी ही बाई बोलण्यात तिखट आणि वाचण्यात अधीर होती. गल्लीत कोणाकडे सरकारी कागद आला की तो तिच्याकडे येई. ती पहिला परिच्छेद वाचून सांगे, "काही नाही, मावशी, नुसती सूचना आहे." बहुतेक वेळा ते खरेच निघे. बहुतेक वेळा खरे निघणारी सवयच माणसाला एखाद्या दिवशी खड्ड्यात नेते.

पाचोऱ्याची ती शेतकऱ्यांची कंपनी. केळी आणि कापूस पाचोऱ्याच्या मुख्य कार्यालयातून जाई, मिरची धुळ्याच्या केंद्रातून. सुरत आणि इंदूरच्या व्यापाऱ्यांना माल निघाल्याची वर्दी मेलने दिली जाई. तपासणीचा दाखलाही मेलनेच. ते सगळे मेल कंपनीच्या स्वतःच्या नावाच्या पत्त्यावरून जात, आणि त्या पत्त्याची राखण दिपमालाकडे होती. अध्यक्ष रुपचंद नाना. वय झालेले, आवाज मोठा, शब्द वजनदार. त्यांचा पुतण्या हितेंद्र संचालक मंडळात होता, आणि काकांच्या प्रत्येक वाक्यानंतर मान हलवण्याचे काम त्याने मनापासून स्वीकारले होते.

उन्हाळा लागला होता. सुरतेच्या व्यापाऱ्याला एक मेल गेला. पत्ता कंपनीचा, खाली सहीच्या जागी नाव कंपनीचे, मजकूर असा की पाठवलेल्या केळीत औषधाचा अंश मर्यादेबाहेर सापडला आहे, माल उतरवून घेऊ नये. व्यापाऱ्याने विश्वास ठेवला. का ठेवू नये? भरलेला ट्रक त्याच्या दारातून परत फिरला. केळी वाटेतच पिवळी पडली, आणि पाचोऱ्यात ताडपत्री सोडली तेव्हा त्या वासाने माणसे मागे सरली. असा मेल कंपनीतून कोणीही पाठवला नव्हता.

नानांनी संचालकांची बैठक बोलावली. दिपमालाला सांगितले, "आपल्या नावाने कोण मेल पाठवतो, ते काढ."

ते काढता येते. थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचा अन्याय नीट कळेल. ज्याचा स्वतःचा मेलचा पत्ता आहे, त्याने जगाला आधी सांगून ठेवायचे असते की माझ्या नावाने मेल पाठवायची मुभा अमुक यंत्रांनाच आहे. शिवाय निघणाऱ्या प्रत्येक मेलवर त्याची डोळ्यांना न दिसणारी मोहोर उमटते. मेल जिथे पोचतो तिथला दारवान दोन्ही गोष्टी पाहतो: यंत्र सांगितलेल्यांपैकी आहे का, मोहोर या घरचीच आहे का. आणि मोठमोठे दारवान दररोज एक अहवाल परत धाडतात: तुमच्या नावाने अमुक क्रमांकाच्या यंत्रावरून इतके मेल आले, ओळख पटली किंवा पटली नाही. बस, इतकेच. मेलमध्ये काय लिहिले होते ते त्यात नसते. कोणी लिहिले तेही नसते.

हे अहवाल कंसांनी भरलेले असतात, वाचताना डोळे शिणतात. म्हणून कंपनीने एक सोय विकत घेतली होती, जी त्याचा रंगीत तक्ता करून देई. ओळख पटली ती ओळ हिरवी, पटली नाही ती लाल. दिपमालाने तो तक्ता पडद्यावर लावला. हिरव्या ओळींखाली दोन ओळी लाल होत्या. एक कुठल्यातरी परदेशी यंत्राची. दुसरी, एकगठ्ठा मेल पाठवून देणाऱ्या एका सेवेची.

"या दोन्ही आपल्या नाहीत," दिपमाला म्हणाली. आणि मग तिच्या तोंडून ते वाक्य गेले: "लाल म्हणजे आपलं नाव चोरून पाठवलेले."

"ही सेवा कोण वापरतं?" हितेंद्रने विचारले.

धुळ्याचे केंद्र सांभाळणारे चुडामणभाऊ बैठकीला आले होते. कोपऱ्यातल्या खुर्चीतून ते सहज बोलले, जसे कोणी विचारावे आणि आपण पाण्याचा तांब्या पुढे करावा.

"ती मी वापरस ना. मिरचीनी आवक, भाव, बठ्ठं तठूनच धाडस."

"कंपनीच्या नावाने?"

"मंग? घरना मोठाना नावनंच आवतन जास ना, भो! मना नावनं कोन मानी?"

श्रोतेहो, हे वाक्य ज्याला खान्देश ठाऊक आहे त्याने नीट ऐकावे. आपल्याकडे लग्नाचे आवतन देताना कष्ट धाकट्याचे असतात, पायपीट भाच्याची असते, पण निमंत्रक म्हणून नाव घरातल्या वडीलधाऱ्याचे जाते. धाकट्याने स्वतःचे नाव वर टाकले तर तो वेगळा निघाला की काय, अशी कुजबुज होते. चुडामणभाऊंनी तेच केले. धुळ्याचे केंद्र म्हणजे धाकटी पाती, पाचोरा म्हणजे थोरली. मिरचीची वर्दी त्यांनी धुळ्याहून त्या सेवेच्या यंत्रावरून, पण थोरल्याच्या नावाने पाठवली. ही निष्ठा होती. बैठकीने तिला कबुलीजबाब म्हटले.

"म्हणजे कबूल!" हितेंद्र टेबलावर हात आपटून म्हणाला. "काका, चोर घरातच निघाला."

नाना काही बोलले नाहीत. आणि त्यांच्या न बोलण्यावर ठराव उभा राहिला. केंद्राच्या किल्ल्या काढून घ्याव्यात, चुडामणभाऊंना फाटकावर गाड्यांची नोंद करायला बसवावे, आणि त्यांना कायमचे काढून टाकण्याचा ठराव वार्षिक सभेपुढे मांडावा. सुरतेला, इंदूरला कळवले गेले: दोषी सापडला. दिपमालाला हुकूम झाला, "आता दार बंद कर. लाल ओळींचा एकही मेल यापुढे कुठे पोचता कामा नये."

हा चुडामण कोण माणूस? धुळ्याच्या केंद्रावर मिरचीचे पोते काट्यावर चढले की शेतकरी काट्याकडे पाठ करून विडी पेटवीत असे. काटा भाऊ वाचतील, वजन भाऊ सांगतील, त्यात बघायचे काय? अशा माणसाला चोर ठरवल्यावर काय घडले? नव्या माणसाने वजन सुरू केले आणि तेच शेतकरी काट्यावर ओणवे होऊन आकडा पाहू लागले. विश्वास एका माणसावरून उडाला आणि काट्यावर येऊन बसला. फाटकापाशी मोडक्या खुर्चीत बसून चुडामणभाऊ हे रोज पाहत होते. अरे, तुम्ही एका यंत्राचा रंग पाहिला आणि उभ्या आयुष्याचा रंग पुसलात! त्या अहवालात त्यांचे नाव होते का? नव्हते. त्यांनी लिहिलेला एक शब्द होता का? नव्हता. होता एक क्रमांक आणि एक शेरा. तुम्ही शेऱ्याला माणूस चिकटवलात, कारण माणूस समोर बसला होता, सरळ उत्तर देत होता, आणि सरळ उत्तर देणारा पकडायला सोपा असतो.

दिपमालाला दार बंद करायचे होते. पण दार एकदम आपटले तर त्यात आपली माणसेही सापडतात. म्हणून आधी एकेका ओळीचा मूळ अहवाल उघडून पाहावा लागतो. रंगीत तक्ता बाजूला सारून तिने ते कंसांचे रान प्रथमच शेवटपर्यंत वाचले. आणि वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

धुळ्याच्या ओळीत मोहोर होती, अभंग, खरी मोहोर. फक्त ती त्या सेवेच्या नावाची होती, कंपनीच्या नावाची नव्हती. यंत्रही सेवेच्या नावाशी जुळत होते. म्हणजे आलेला पाहुणा स्वतःचे नाव खरे सांगत होता. त्याला आपल्या घरचे पत्र दिलेले नव्हते, इतकेच. दुसऱ्या ओळीत, त्या परदेशी यंत्राच्या, मोहोर नव्हतीच. यंत्र कोणाशीच जुळत नव्हते. दोन्ही ओळींचा शेवटचा शेरा एकच, म्हणून तक्त्याने दोघींना एकच रंग दिला. आणि तिने भर बैठकीत दोघींना एकच नाव दिले.

घरी ती जेवली नाही. ताईबाईंनी विचारले, तेव्हा तिने सगळे सांगितले. ताईबाईंना मेल म्हणजे काय हे कळत नव्हते, पण सून म्हणजे काय हे कळत होते.

"मंग सांगी टाक ना, चुकनी म्हनी."

"भर बैठकीत बोलले, आत्या. आता माघारी कशी घेऊ?"

"वरण खारट व्हयनं ते त्यामा पानी टाकतस ना व? का बठ्ठासले तसंच खारट वाढतस?" ताईबाईंनी ताट पुढे सरकवले. "जेव पहिले. उपाशी पोटे माफी मागशी ते चक्कर ई पडशी, मंग लोके म्हनतीन सासूनी मारी टाकं."

सुटीच्या दिवशी दिपमाला पारोळ्यावरून धुळ्याला गेली. चुडामणभाऊंच्या पत्नी कुंदाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी हिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"उनी का बाई? ये, बठ. चोरना घरना चहा चाली ना तुले?"

"कुंदा," आतून आवाज आला, "पाहुनीले आसं बोलू नको."

"बोलसू! पाहुनीच बोलनी ना आपलाले चार लोकेसमा!"

दिपमाला खाली बसली. म्हणाली, "अक्का, तुमनं खरं शे. मीच चुकनी. तेच सांगाले उनी." आणि तिने चुडामणभाऊंना दोन लाल ओळींचा फरक सांगितला. ते शांतपणे ऐकत होते. कुंदाबाईंचा पदर मात्र डोळ्यांना लागला, आणि राग आणखी वाढला, कारण निरपराध ठरण्याचा आनंद अपमान विसरायला लावत नाही.

"भाऊ, एक सांगा," दिपमालाने विचारले. "कंपनीनं नाव लावाले तुमले कोनी सांगं व्हतं का?"

उत्तर कुंदाबाईंनी दिले.

"नानानी! मनासमोर फोन लावा व्हता यासनी. नाना काय बोलनात? 'लाव ना भो, घर एकच शे!'"

"मंग बैठकमा काबर नही सांगं, भाऊ?"

चुडामणभाऊ उठले, पाण्याचा तांब्या भरून आणला, तिच्यापुढे ठेवला. "मोठा माणूसले चार लोकेसमा साक्षीले उभा करतस का, माय? त्यासनी मान खाले जाई. तू बी सांगू नको. मनी आन शे तुले."

ऐकलेत? थोरल्याचे नाव पुढे ठेवणारी रीत आणि थोरल्याला साक्षीला न ओढणारी रीत, दोन्ही या माणसाने पाळल्या. आणि थोरला, ज्याने फोनवर मुभा दिली होती, तो त्या बैठकीत छताकडे पाहत बसला होता. हे मी रुपचंद नानांना त्यांच्या ओसरीवर, तोंडावर बोललो आहे, म्हणूनच इथे सांगतो आहे. पाठीमागे बोललो असतो तर सांगण्याचा अधिकार राहिला नसता.

दिपमाला आणेला बांधली गेली. मग दुसरी वाट उरली. ज्या खोट्या मेलने ट्रक परतवला, तो मेल कोणत्या यंत्रावरून आला, हे त्या मेलच्याच पोटात लिहिलेले असते. वरवर दिसत नाही, पण मूळ रूप उघडले की दिसते. तिने सुरतेला फोन लावला.

"बेन, मेल तो है मेरे पास," व्यापारी म्हणाला. "पण आता त्याचं काय काम? तुमचा चोर तर पकडला ना?"

"शेठ, चोर पकडला नाही. माणूस पकडला."

मग तो म्हणाला, "धाडतो. पण बेन, मी पण त्या दिवशी एक फोन करून विचारायला पाहिजे होतं. लिहिलेलं वाचलं नि गाडी वळवली." त्याने मूळ मेल जसाच्या तसा पाठवला. दिपमालाने यंत्राचा क्रमांक अहवालाशी ताडून पाहिला. परदेशी ओळ. मोहोर नसलेली ओळ. धुळ्याच्या ओळीशी त्याचा सुतळीइतकाही संबंध नव्हता.

सभेच्या आधी ती नानांच्या खोलीत गेली. हितेंद्रही तिथे बसला होता. तिने सगळे पुढे ठेवले. नानांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तुझं बरोबर असेल, दिपमाला. पण सुरतेला, इंदूरला आपण कळवून बसलो. आता काय कळवायचं? की अध्यक्षाला कळलं नाही? ठराव होऊन जाऊ दे. मग चुडामणला कुठेतरी हळूच सामावून घेऊ."

"हळूच का, नाना? त्यांना ओरडून चोर म्हटलं."

"तू म्हटलंस," हितेंद्र म्हणाला. "आणि वहिनी, हा तुमचा अहवाल आहे की पंचांग? दर आठवड्याला फळ बदलतं!"

"फळ तेच आहे. तेव्हा मी अर्धं सोलून सांगितलं."

"सभेत बोलशील तर नोकरीचं बघ," नाना म्हणाले. आवाज चढवला नाही. वडीलकीच्या सुरात बोलले. धमकीला वडीलकीचा सूर लावणारा माणूस पाहिला की माझ्या हातातले टाळ थांबतात. देवा, तूच सांग, फाटकावर बसवलेले चुडामणभाऊ आणि खुर्चीत बसलेले नाना, या दोघांपैकी लाल ओळ कोणाची?

वार्षिक सभा मंगल कार्यालयात भरली. धुळे, पारोळा, भडगावकडचे सभासद गाड्या करून आले होते. पंखे फिरत होते आणि त्यांखाली सगळे घामेजले होते. चुडामणभाऊ शेवटच्या ओळीत बसले होते, कुंदाबाई बायकांच्या बाजूला. नवल लिंबाची तोडणी मजुरांवर सोपवून मुद्दाम आला होता आणि दाराशी उभा होता. ठराव वाचला गेला. "कोणाला काही बोलायचंय?" हे विचारण्यापुरते विचारले गेले.

दिपमाला उठली. माइक हितेंद्रच्या हातात होता. तो देईना.

"द्या तो," ती म्हणाली. "चोर म्हणायला मला माइक लागला नव्हता. माघारी घ्यायला लागतो, कारण तेव्हा खोली लहान होती."

मागून कोणीतरी हसले. हितेंद्रने माइक दिला.

ती म्हणाली, "बैठकीत मी सांगितलं होतं की लाल म्हणजे चोर. ते मी चुकीचं वाचलं होतं. सुरतेला गेलेला खोटा मेल धुळ्याहून गेलेला नाही. तो ज्या यंत्रावरून गेला, त्याचा क्रमांक सुरतेच्या शेठनी धाडलेल्या मूळ मेलमध्ये आहे, आणि आपल्या अहवालात तो वेगळ्या ओळीत आहे. चुडामणभाऊंनी चोरी केलेली नाही. चूक माझी."

शालिग्राम आबा नावाचे वयोवृद्ध मिरचीवाले पुढच्या रांगेत होते. काठी टेकत उभे राहिले. "बाई, मी आडानी माणूस. माले एवढंच सांग, ते लाल म्हंजे मंग काय?"

"आबा, तुमची मिरचीची गाडी बाजार समितीच्या फाटकावर आली. फाटकवाल्याकडे गाड्यांचे नंबर दिलेले असतात. तुमचा नंबर द्यायला मी विसरले. तो गाडी अडवील की नाही?"

"अडवी."

"म्हणून मिरची चोरीची झाली का?"

"हट्! मिरची मना वावरनी."

"तेच लाल. त्याच फाटकावर दुसऱ्या कोणी तुमचं नाव सांगून दगड भरलेली गाडी आणली, तर फाटकवाला तिलाही अडवील. तेही लाल. फाटकवाल्याला पोत्यात काय आहे ते दिसत नाही. ते आपण उतरून बघायचं असतं. मी उतरले नाही."

शालिग्राम आबा व्यासपीठाकडे वळले. "मंग आमना चुडामणले ते नाव लावाले सांगं कोनी व्हतं?"

दिपमालाच्या ओठांवर उत्तर होते आणि गळ्यात आण. तिने नानांकडे पाहिले. शेवटच्या ओळीतून चुडामणभाऊ उभे राहिले.

"मीच लावं, आबा. मना मननं."

आणि नाना? त्या क्षणी त्यांना एक वाक्य बोलायचे होते, फक्त एक. "मी सांगितले होते." त्या एका वाक्याने त्यांची मान खाली गेली नसती, सभेने त्यांना डोक्यावर घेतले असते. पण ते म्हणाले, "गैरसमज झाला. ठराव मागे घेतो. पुढचा विषय."

"थांबा, नाना," दिपमाला माइक न सोडता म्हणाली. "गैरसमज कोणाचा, ते इतिवृत्तात लिहा. माझं नाव लिहा. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, भाऊंना दया म्हणून सोडलं."

लिहिले गेले. दिपमाला नवल पाटील यांनी अहवाल चुकीचा वाचला, चुडामणभाऊ निर्दोष आहेत, किल्ल्या परत द्याव्यात. सभागृहात टाळ्या झाल्या नाहीत; शालिग्राम आबांनी मात्र मागे वळून चुडामणभाऊंना हाताने खूण केली, की पुढे येऊन बस. ते आले. आबांनी त्यांना आपल्या शेजारी, पहिल्या रांगेत बसवले.

माझा राग अजून निवलेला नाही. ज्या सभेत सगळा दोष एका सुनेने पदरात घेतला, त्या सभेत पदर नसलेल्यांनी हात झटकले. हितेंद्रने आजवर चुडामणभाऊंची क्षमा मागितलेली नाही. दिपमालाची नोकरी गेली नाही, कारण धुळ्याचे सभासद एकमुखाने म्हणाले, हीच बाई मेलचे बघेल. त्यानंतर तिने धुळ्याच्या सेवेला कंपनीची मोहोर दिली, तिचे यंत्र मुभेत घातले, भाऊंचे मेल हिरवे होऊ लागले, आणि मगच बाकीच्यांसाठी दार लावले. तो परदेशी यंत्रामागचा माणूस कोण, हे कोणालाच कळलेले नाही. अहवालांत तो अजून दिसतो. येतो, कंपनीचे नाव सांगतो, परतवला जातो. दिपमाला आता मूळ अहवाल शेवटपर्यंत वाचते, आणि गल्लीतल्या मावशीचा कागदसुद्धा मागची बाजू उलटून पाहिल्याशिवाय "काही नाही" म्हणत नाही.

सभा संपल्यावर कुंदाबाई तिच्यापाशी आल्या. पिशवीतून घरच्या मिरचीच्या तिखटाची पुडी काढून हातात दिली आणि म्हणाल्या, "तुनी सासूले दे. सांग, धुयानी शे." वळून चालू लागल्या. नवल म्हणाला, "चल, गाडी लागनी." दोघे भडगावच्या एसटीत बसले.

हे भगवंता, आता तुझ्यापाशी हात जोडून मागतो. चुकलेले उघड बोलणारी ही लेक सुखी ठेव. तिचे डोळे शाबूत राहोत, तिची जीभ अशीच तिखट आणि खरी राहो. नवलच्या बागेला पाणी पुरो, झाडाला फूल धरो. ताईबाईंचा चुलीपुढचा हात कधी थरथरू नये, आणि त्यांच्या हसण्याने ते घर भरलेले राहो. आणि धुळ्याच्या त्या उंबऱ्यावर, जिथे कुंदाबाई आणि चुडामणभाऊ सायंकाळी चहा घेत बसतात, तिथे लोक पुन्हा निःशंक येवोत, पाठ करून बसोत, गप्पा मारोत. दोन्ही घरांत लेकरेबाळे नांदोत, दोन्ही घरांच्या दिव्यात तेल असो. आई कानबाई, तुझा हात या दोन्ही उंबऱ्यांवर असू दे. कल्याण असो, कल्याण असो.